साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचा इतिहास काय आहे? बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकले, यापलीकडे त्या शाळेला काही महत्त्व आहे का?

आहे. पण ते बाबासाहेबांच्या प्रवेशापासून वेगळं काढता येत नाही. ही शाळा सरकारी होती, आणि सगळी गोम तिथेच आहे. माझी नोकरी शाळांच्या ऑफिसात गेली, त्यामुळे माझं लक्ष इमारतीपेक्षा कागदांकडे जास्त जातं, हे आधीच सांगतो.

सातारचं राज्य 1848 साली खालसा झालं. औरस वारस नाही आणि दत्तक मान्य नाही, असं म्हणत डलहौसीने ते घशात घातलं. त्यानंतर तीनच वर्षांत, 1851 मध्ये, इंग्रजांनी राजवाड्याच्या परिसरात ही शाळा काढली. तेव्हा तिला प्रतापसिंहांचं नाव नव्हतं, ती साधी सरकारी शाळा होती. ज्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीने 1839 मध्ये गादीवरून उतरवून काशीला पाठवलं, त्यांचं नाव पुढे कंपनीनेच काढलेल्या शाळेला मिळालं. सातारकरांनी असा हिशेब चुकता केला म्हणायचा!

आता सरकारी असण्याचा मुद्दा. यासाठी साताऱ्याबाहेर, धारवाडला जावं लागतं. 1856 साली तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. पोरगं धीट, त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने हात वर केले. एकट्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, असा त्यांचा सूर. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि 1858 मध्ये कंपनीच्या संचालकांनी कळवलं, की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. 1882 च्या हंटर कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाने, हेच तत्त्व पुन्हा मांडलं, वर सबुरीने घ्या असंही सांगितलं. खाजगी शाळेच्या चालकांना सबब सांगायला वाव होता. सरकारी हायस्कूलच्या हेडमास्तरांना कागदावर तरी नकार देता येत नव्हता.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांच्या प्रवेशाची 7 नोव्हेंबर 1900 ची नोंद वाचा. इंग्रजी पहिलीचा वर्ग, म्हणजे मराठी चार इयत्तांनंतरची पायरी. नाव भिवा रामजी आंबेडकर; भिवा हे त्यांचं लहानपणचं नाव. रजिस्टर नंबर 1914. (हे साल नव्हे. पुष्कळ जण गोंधळतात.) नोंदीसमोर मुलाची सही आहे, आणि ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय. आडनाव आंबडवेकरचं आंबेडकर कसं झालं यावर दोन तट आहेत. मी त्या वादात पडत नाही.

शाळेचं दप्तर मुलगा कधी आला आणि कधी गेला हे सांगतं. वर्गात तो कुठे बसायचा, याला त्यात रकाना नसतो. ते बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. वर्गातल्या नंबराप्रमाणे त्यांना बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा. वर्ग झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून बाबासाहेबांना तो रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. पाण्याचंही तसंच. तहान लागली की इतर मुलं मास्तरांना विचारून नळावर जात. यांना मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळ सोडायला शिपाई हजर असावा लागे. शिपाई नाही तर पाणी नाही.

आई साताऱ्यातच वारलेली. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर. तिथे सरकारने तलावाची खुदाई काढली होती आणि ते त्या कामावर कॅशियर होते. म्हणजे बापाला सरकारी पैसे मोजायला चालत होते, पण पोराला सरकारी नळाची चावी फिरवायला चालत नव्हती. शाळा सरकारी होती याचा अर्थ केवढा आणि कुठवर, हे मला या दोन गोष्टींवरून सगळ्यात चांगलं कळतं.

1904 पर्यंत बाबासाहेब या शाळेत होते. मग कुटुंब मुंबईला गेलं आणि 1907 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. तीही सरकारीच शाळा, हे लक्षात ठेवा.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो कुठल्याही जिल्ह्याच्या गावासारखाच आहे. एकेकाळी सरकारी हायस्कूल म्हणजे जिल्ह्यातली मानाची शाळा. नंतर खाजगी संस्था वाढल्या. साताऱ्यात तर रयत शिक्षण संस्थेने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या हयातीतच सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवून दाखवली. सरकारी शाळेच्या कोपऱ्यातल्या गोणपाटाला खरं उत्तर तिथे मिळालं, असं माझं मत आहे. प्रतापसिंह हायस्कूल आता जिल्हा परिषद चालवते.

2017 पासून राज्य सरकार 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. निर्णय चांगला, फक्त भाषणं बहुधा शाळाप्रवेशापाशीच थांबतात. तुम्ही शिक्षक असाल आणि त्या दिवशी वर्गात बोलणार असाल, तर नोंदीच्या फोटोसोबत 'व्हिसा'मधला शाळेचा भाग मुलांना वाचून दाखवा. दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि पाचवीच्या मुलांनाही तो समजतो.