दुखरा दात शेवटी बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

हडपसरला दवाखाना सुरू केलास, फार बरं वाटलं. खुर्ची, एक्स-रे, हप्ते, ते तुझं तू बघशीलच. मला एकच सांगायचंय. पेशंट ज्या दाताकडे बोट दाखवेल, तो दात सर्वांत शेवटी बघ. त्याआधी तोंडात कॅन्सरच्या खुणा शोध.

आधी गॉजमध्ये जीभ धरून दोन्ही बाजूंना ओढ आणि कडा पार मागपर्यंत बघ. मग जिभेखाली, टाळूवर, आणि गाल-हिरडीच्या मधल्या खाचेत, जिथे तंबाखूचा बार ठेवतात. दोन मिनिटं लागतात. पुसून न जाणारा पांढरा चट्टा लिहून ठेव. लाल दिसला तर जास्त सावध हो. पेशंटची तीन बोटं उभी तोंडात मावत नसतील तर सुपारीचं विचार. गालात बोट फिरवलंस की ताठ दोऱ्यांसारखे पट्टे लागतील. "नुसती सुपारी खातो," असं लोक निर्धास्तपणे सांगतात. तंबाखू नसली तरी सुपारीनेही कॅन्सर होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मार्केट यार्डात भाजी विकणाऱ्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. 'तंबाखू: नाही' असं मीच कागदावर लिहिलं होतं. त्या खात नव्हत्याच. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायच्या. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. मी "मशेरी लावता का?" असं विचारलंच नाही. दाढेजवळचा व्रण तुटक्या दातामुळे झालाय असं समजून दात गुळगुळीत केला, मलम दिलं. पुन्हा कधी यायचं, ते सांगितलं नाही. चार महिन्यांनी आल्या तेव्हा मानेत गाठ होती. निम्मा जबडा काढावा लागला. त्या वाचल्या, पण भाकरी पुन्हा चावता आली नाही.

म्हणून तारीख दे. टोचणारा दात घासल्यावर दोन आठवड्यांत व्रण भरायला हवा. नाही भरला तर आणखी मलम नको, बायोप्सीला पाठव. "तुकडा काढला की पसरतो," हे रोज ऐकशील. शेजारी बसून समजाव, तसं होत नाही. पेशंट आला नाही तर स्वतः फोन कर.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुड्या तुला दिसतीलच. रागावू नकोस. तंबाखू सोडवणाऱ्या मोफत हेल्पलाइनचा नंबर, १८००-११२-३५६, चिठ्ठीवरच छापून घे.

रविवारी घरी ये, गॉज घेऊन. माझंच तोंड तपास. जिभेच्या मागच्या कडेपर्यंत पोचतेस का, ते मला बघायचंय.

तुझे सर