नेक्स्ट जेन गाडी: कडक सांगाड्याचा मार कुणाला बसतो आणि बिल कुणाच्या नावावर येतं

तुमचे प्रश्न दोन आहेत. नॅसकार ही अमेरिकेतली मोटार-शर्यतींची संस्था; तिच्या कप या सर्वोच्च मालिकेत २०२२ साली आलेली नेक्स्ट जेन गाडी आधीपेक्षा सुरक्षित म्हणून आणली, मग किरकोळ दिसणाऱ्या धडकेत ड्रायव्हरच्या मेंदूला मार कसा बसला? आणि खर्च वाचवणारी गाडी म्हणून जिचा गाजावाजा झाला, ती आल्यावर संघमालक पैशांवरून कोर्टापर्यंत का गेले? वेगवेगळे वाटले तरी दोन्ही प्रश्नांचं मूळ मला एकच दिसतं. गाडी अशी आखली की भाग टिकावेत, सुट्टे निघावेत आणि सगळ्यांनी ते एकाच दुकानातून घ्यावेत. टिकाऊ भाग धडकेची ऊर्जा स्वतः खात नाही, आणि एकाच दुकानात घासाघीस चालत नाही.

आधी गाडीत काय बदललं ते बघा, नाहीतर पुढचं अधांतरी राहील. जुन्या गाडीचा सांगाडा संघ स्वतःच्या वर्कशॉपमध्ये पाइप वेल्ड करून बांधायचा. पुढचा भाग ठोकला गेला की तो कापून नवा वेल्ड करायचे. बॉडी बहुतांशी पत्र्याची, मागे अखंड ॲक्सल, १५ इंची पोलादी चाकं आणि चाकाला पाच नट. नव्या गाडीत ड्रायव्हर बसतो तो मधला कप्पा, त्याच्या पुढचा सांगाडा म्हणजे पुढची क्लिप आणि मागचा म्हणजे मागची क्लिप, असे तीन तुकडे बोल्टने जोडलेले असतात. सांगाड्याच्या आखणीत दलारा या इटालियन कंपनीचा हात आहे आणि तो बांधते टेक्निक ही एकच कंपनी. बॉडी फाइव्ह स्टार कंपनीची, कंपोझिटची (तंतू आणि रेझिनच्या मिश्र साहित्याची). गिअरबॉक्स एक्सट्रॅक कंपनीचा, पाच गिअरचा सिक्वेन्शियल (गिअर क्रमानेच पडणारा), तोही मागे नेलेला. मागचं सस्पेन्शन प्रत्येक चाकाला स्वतंत्र. चाकं १८ इंची, अ‍ॅल्युमिनियमची, एकाच नटावर. गाडीचं पोट सपाट, मागे डिफ्यूझर (पोटाखालची हवा बाहेर काढणारा भाग).

आता मागून बसणाऱ्या धडकेकडे या, कारण खरं दुखणं तिथे होतं. २३ जुलै २०२२ ला पोकोनोच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी फिरून पाठीमागून भिंतीवर गेली. मेंदूला मार बसला आणि तो पुन्हा कप शर्यतीत उतरलाच नाही. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. २५ सप्टेंबरला टेक्सासमध्ये अ‍ॅलेक्स बोमनची गाडीही तशीच पाठ करून भिंतीला लागली. चालवत गॅरेजपर्यंत नेता येईल अशी धडक, पण बोमनच्या पाच शर्यती गेल्या.

हिशोब मांडून बघा. भिंतीवरच्या धडकेत गाडीचा पूर्ण वेग मोजायचा नसतो, भिंतीच्या दिशेने जाणारा भाग मोजायचा असतो. गाडी ताशी २०० किलोमीटरने २४ अंशांच्या कोनात भिंतीवर गेली, तर भिंतीच्या दिशेचा वेग साधारण ८१ भरतो. आपण त्याहून हलकी धडक धरू: भिंतीच्या दिशेचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. गाडी आणि भिंत मिळून ३० सेंटिमीटर दबली तर ड्रायव्हरला सरासरी २१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या २१ पट झटका) बसतात. तीच धडक १५ सेंटिमीटरमध्ये संपली तर ४२ जी. वेग तोच, वजन तेच, फक्त दबण्याची जागा निम्मी. आणि हे सरासरी आकडे आहेत, झटक्याचं टोक यापेक्षा बरंच वर जातं.

नेक्स्ट जेनच्या मागच्या भागात ही दबण्याची जागा मिळालीच नाही. तिथे गिअरबॉक्स आहे, इंधनाची टाकी आहे, बंपरचे जाड पाइप आहेत. टाकी फुटू नये म्हणून हा भाग कडक ठेवण्यात तथ्य आहे, ते नाकारता येणार नाही. पण मोठी धडक सोसणारी रचना मध्यम धडकेत हलतच नाही. वरून कंपोझिट बॉडी. पत्रा चेपला की चेपलेला राहतो, कंपोझिट दबून परत उभं राहतं. म्हणून टीव्हीवर गाडी धडधाकट दिसायची आणि ड्रायव्हर मात्र सुन्न बसलेला असायचा.

इथे एक प्रश्न हमखास येतो: ट्रॅककडेची झटका शोषणारी सेफर भिंत आहे, मान-डोकं धरणारं हान्स उपकरण आहे, मग? १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनात डेल अर्नहार्ट हा ड्रायव्हर धडकेत गेला. त्याआधीच्या वर्षात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर गेले होते. त्यानंतर मान-डोकं धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं आणि २००२ पासून पोलादी नळ्यांमागे फोम लावलेल्या भिंती आल्या. पण हान्स डोकं पुढे फेकलं जाण्यापासून रोखतं. पाठीमागून धडक बसते तेव्हा डोकं मागे जातं, तिथे हान्सचा पट्टा ताणलाच जात नाही. मागे फक्त सीटच्या डोकं-आधाराचा फोम, म्हणजे काही सेंटिमीटर. आणि सेफर भिंत हलायला चांगला जोर लागतो. हलक्या-मध्यम धडकेत भिंतही ताठ, गाडीही ताठ. मधे उरतं फक्त माणसाचं डोकं.

ड्रायव्हर हे २०२२ च्या हंगामात उघडपणे सांगत होते. माझ्या मते नॅसकारची सगळ्यात मोठी चूक तिथे, त्यांचं म्हणणं मनावर न घेण्यात झाली. सेन्सरवरचा जीचा आकडा आधीच्या गाडीसारखाच दिसतो म्हणून धडक आधीसारखीच, असं होत नाही. झटका किती वेळ टिकला, डोकं किती फिरलं, एका हंगामात असे किती झटके बसले, यावर मेंदूचं नुकसान ठरतं. ज्याचं डोकं आपटतंय त्याचं म्हणणं हेसुद्धा मोजमापच असतं.

५ ऑक्टोबर २०२२ ला ओहायोतल्या चाचणी केंद्रात बदललेल्या मागच्या भागाची प्रत्यक्ष धडक-चाचणी झाली आणि २०२३ साठी मागची क्लिप, बंपरची रचना आणि मधल्या कप्प्याचा मागचा भाग मऊ केला. काही पाइप पातळ केले, काही काढूनच टाकले. उपाय साधा होता, तो आधी सुचायला हवा होता. आपल्याकडे भारत एनकॅपच्या चाचणीत ताशी ६४ किलोमीटरने आदळणाऱ्या गाडीचं नाक चुरगळलेलं बघून लोक हळहळतात. ते नाक चुरगळायलाच हवं, आतला कप्पा शाबूत राहायला हवा.

आता एप्रिल २०२३ मधली टॅलडेगाच्या ट्रॅकवरची, काइल लार्सन आणि रायन प्रीस यांची धडक घ्या. तिथे दुखणं उलटं होतं. प्रीसच्या गाडीचं नाक लार्सनच्या उजव्या दारात घुसलं आणि दारामागचे पाइप आत आले. नशीब की ती बाजू ड्रायव्हरची नव्हती. एका गाडीचं कडक नाक दुसऱ्या गाडीच्या कुशीत पहारीसारखं काम करतं. म्हणून तपासणीनंतर दोन्हीकडून काम झालं: पुढच्या क्लिपमधले आधार मऊ केले, दाराच्या पाइपांना पोलादी पट्ट्यांचं बळ दिलं. 'गाडी कडक की मऊ' हा प्रश्नच चुकीचा आहे, प्रत्येक भागाला वेगळं विचारावं लागतं.

आगीचं प्रकरण वेगळं, पण तेही आखणीतूनच आलं. एक्झॉस्ट गाडीच्या दोन्ही कुशींतून, दाराखालच्या रॉकर पॅनलमधून बाहेर पडतो. टायर झिजून उडणारे रबराचे तुकडे त्याच पोकळीत साठतात आणि तापलेल्या पाइपला लागून पेट घेतात. पोट बंद असल्याने कचरा खाली गळून पडत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्लिंग्टनला केव्हिन हार्विकची गाडी पेटली तेव्हा त्याने सुट्ट्या भागांच्या दर्जावर जाहीर टीका केली. मग पॅनलला आतून अग्निरोधक लेप आणि एक्झॉस्टपाशी स्टेनलेस पोलादाचं आवरण आलं.

चाक निसटण्याचं कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. एकच नट म्हणजे कमकुवत, असं नाही. हबवर खुंट्या असतात, त्या चाकाच्या भोकांत पूर्ण बसल्यावरच नट आवळायचा. घाईत चाक जरा तिरकं राहिलं तरी नट आवळायची गन वाजते, नट आवळल्यासारखा वाटतो, आणि गाडी निघाल्यावर चाक जागेवर सरकतं नि नट ढिला पडतो. पाच नटांत एखादा राहिला तरी चार धरून ठेवायचे. २०२२ मध्ये निसटलेल्या चाकापायी क्रू चीफसह (गाडीच्या चमूच्या प्रमुखासह) तिघांना चार शर्यतींची बंदी बसायची, पुढच्या वर्षी ती शिक्षा सौम्य केली.

मागच्या चाकाची दिशा धरून ठेवणारी टो लिंक हाही असाच एक भाग. भिंतीला चाक घासलं की ती वाकते, चाक तिरकं होतं आणि गाडी सरळ चालत नाही. मला यात दोष वाटत नाही. काहीतरी आधी वाकायलाच हवं, आणि बदलायला स्वस्त तेच वाकलेलं बरं. दोष होता तो पंक्चर झालेल्या गाडीत. हवा गेली की सपाट पोट जमिनीला टेकायचं, गाडी जागची हलायची नाही आणि टायर सोडून काहीही बिघडलेलं नसताना ओढून न्यावी लागायची. नुकसान झालेल्या गाड्यांचे नियम २०२५ पासून सैल झाले, गॅरेजात नेऊन दुरुस्तीची मुभा आली.

उलटण्याबद्दल थोडक्यात: ऑगस्ट २०२३ मध्ये डेटोनाला प्रीसची गाडी गवतावर जाऊन कोलांट्या खात गेली, म्हणून तिथल्या गवताच्या जागी डांबर आलं. २०२४ मध्ये मिशिगन आणि डेटोनाला आणखी दोन गाड्या उलटल्या. त्यानंतर काचेच्या खांबापाशी हवेने उघडणाऱ्या झडपा आल्या, तरीही २०२५ च्या डेटोना ५०० मध्ये प्रीस पुन्हा उलटला. सपाट पोटाखाली हवा शिरली की ते पंखासारखं उचलतं. हे अजून सुटलेलं नाही.

आता पैसा. हिशोब असा मांडला होता की संघ प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळी गाडी बांधतात, ती चैन बंद करू. एका नंबरमागे, म्हणजे शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक गाडीमागे, संघाला सात गाड्यांची मर्यादा आली. कागदावर बचत बरोबर आहे. पण जुन्या पद्धतीत संघाकडे वेल्डर, पत्रा ठोकणारे, मशिनिस्ट होते. सस्पेन्शनचा कंट्रोल आर्म वाकला तर घरच्या घरी नवा व्हायचा, खर्च सामानाचा आणि पगाराचा. आता तोच भाग ठरलेल्या पुरवठादाराकडून ठरलेल्या भावाने घ्यायचा. २०२२ च्या सुरुवातीला भागांची इतकी टंचाई होती की सातचा आकडा गाठायलाच संघांना वेळ लागला. स्वतः बनवायची सोय नाही: मे २०२३ मध्ये शार्लटच्या शर्यतीनंतर स्टुअर्ट-हास संघाच्या १४ नंबरच्या गाडीत पुरवठादाराचा नसलेला एक नाका डक्ट सापडला. शिक्षा १२० गुण आणि अडीच लाख डॉलर. हवेच्या छोट्याशा वाहिनीसाठी.

नियम कडक नसता तर एकसारख्या गाडीला अर्थच राहिला नसता, हे मान्य. पण मग सुरक्षेची प्रत्येक दुरुस्तीही विकतच घ्यावी लागते. चार्टर (प्रत्येक शर्यतीत हमखास जागा देणारे परवाने) ३६, प्रत्येकी सात गाड्या, म्हणजे जास्तीत जास्त २५२ गाड्या. मागची क्लिप बदला म्हटलं की एवढ्यांची बदलायची, आणि निघालेल्या क्लिपा भंगारात. आखणीतली चूक पहिल्या चाचणीत सापडली असती तर एकदाच बदल झाला असता. शिवाय भाग एकसारखे झाले म्हणून चढाओढ थांबत नाही. ती सिम्युलेशनमध्ये, पवन-बोगद्यात, पिट क्रूमध्ये जाते. वेल्डरचा पगार वाचतो आणि इंजिनियरचा वाढतो.

मिळकतीची बाजू बघितल्याशिवाय हे कळणार नाही. २०२४ पर्यंतच्या करारात टीव्हीच्या पैशांतले ६५ टक्के ट्रॅकला, २५ संघांना, १० नॅसकारला जायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये संघांच्या प्रतिनिधींनी उघड सांगितलं की त्यांची ६० ते ८० टक्के मिळकत प्रायोजकांवर आहे. मायकल जॉर्डन आणि डेनी हॅमलिन यांचा २३इलेव्हन, म्हणजे कर्ट बुश ज्याच्यासाठी चालवत होता तोच संघ, आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅसकारवर दावा लावला. मुख्य मुद्दा चार्टरचा होता, पण तक्रारीत ही गाडीही होती: एवढे पैसे ओतून घेतलेली गाडी दुसऱ्या कुठल्याच मालिकेत चालवता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणी सुरू असतानाच तडजोड झाली आणि चार्टर कायमस्वरूपी झाले. प्रत्येक भागाला एकच पुरवठादार ही रचना मात्र तशीच आहे.

शेवटी प्रश्न उरतो की गाडी फसली का. मध्यम लांबीच्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) शर्यती चांगल्या होतात, मधला कप्पा भक्कम आहे, आणि प्रीस दोनदा उलटूनही बचावला. ती मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. पुढचा बदल जाहीर झाला की चार गोष्टी शोधा: मागची धडक प्रत्यक्ष गाडीवर तपासली की फक्त संगणकावर, मध्यम वेगाला तपासली की फक्त मोठ्या, काढलेल्या भागाची भरपाई संघाला मिळणार का, आणि हंगामात मार लागलेल्या ड्रायव्हरांना चाचणीआधी विचारलं की नंतर.