रोलर स्नायूला नेमकं काय करतो?

फोम रोलर, म्हणजे स्नायूखाली ठेवून त्यावर लोळायचं फोमचं नळकांडं. त्यावर बरेच प्रश्न साचले होते. एकाच आशयाचे एकत्र करून उत्तरं देतो आहे.

प्रश्न : धावण्याआधी मांडीवर रोलर फिरवते. लगेच पाय मोकळे वाटतात, पण तासाभराने पुन्हा जैसे थे. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. परिणाम तेवढाच टिकतो. २०१३ मध्ये कॅनडातल्या मेमोरियल विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ पुरुषांना मांडीच्या पुढच्या स्नायूवर एकेक मिनिट, दोनदा रोलर फिरवायला लावला. दोन मिनिटांनी मोजलं तेव्हा गुडघा सुमारे १० अंश जास्त वाकत होता. दहा मिनिटांनी हाच फरक ८ अंशांवर आला. स्नायूची ताकद मात्र कमी झाली नव्हती.

म्हणून रोलर बाजूला ठेवला की फोन हातात घेऊ नका. लगेच खोल स्क्वॉट (उठाबशीसारखं बसणं), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), पाय पुढे-मागे झुलवणं असं काहीतरी करा. मिळालेली मोकळीक त्या काही मिनिटांत वापरली तरच तिचा उपयोग. आठवड्यातून काही वेळा, महिनाभर किंवा जास्त काळ नियमित रोलर वापरणाऱ्यांची लवचिकता थोडी टिकाऊपणे वाढलेली दिसते, पण त्यात घाई चालत नाही.

प्रश्न : जिममध्ये सांगतात की रोलरने स्नायूंतल्या गाठी फुटतात आणि चिकटलेला फॅशिया सुटतो. खरं आहे का?

हे इतक्या ठिकाणी, इतक्या ठामपणे सांगितलं जातं की खोडून काढताना मलाच अवघडल्यासारखं होतं. पण नाही, तसा पुरावा नाही.

फॅशिया म्हणजे स्नायूंना वेढणारं चिवट आवरण. २००८ मध्ये काही संशोधकांनी गणिती मॉडेल मांडून हिशेब केला, की मांडीच्या बाहेरच्या अंगाचा आणि तळपायाचा फॅशिया एक टक्का जरी दाबायचा किंवा सरकवायचा, तर हातांनी किती जोर लावावा लागेल? उत्तर आलं ते माणसाचं शरीर सोसू शकेल त्याच्या पलीकडचं. हातांनी होत नाही ते फोमच्या नळकांड्यावर लोळून कसं होणार? मांडीच्या बाहेरून गुडघ्याकडे जाणारा आयटी बँड ‘सैल करायला’ डोळ्यांत पाणी येईपर्यंत लोळणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात घ्यावं. तो पट्टा लांबत नाही. जे बदलतं ते आसपासच्या स्नायूंच्या संवेदनेत.

मग सांधा जास्त का वाकतो? बराचसा बदल मज्जासंस्थेत होतो. दाबामुळे त्या भागाची ताण सोसण्याची तयारी वाढते; जिथे आधी ‘बास’ वाटायचं त्याच्या थोडं पुढे जाता येतं. याचा एक मजेदार पुरावा आहे. रोलर एका पायावर फिरवला तरी दुसऱ्या पायाचा घोटाही थोडा जास्त वाकतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. ज्या पायाला रोलर शिवलाच नाही, त्याच्या कुठल्या गाठी फुटल्या?

हाताला लागणारी दुखरी जागा खोटी नसते. रोलरनंतर ती कमी दुखते हेही खरं. फक्त तिथे काही ‘फुटलं’ असं समजून जोर वाढवत जाऊ नका.

प्रश्न : स्ट्रेचिंगने ताकद कमी होते म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी ते बंद करून फक्त रोलर ठेवला. योग्य आहे?

अर्धं योग्य. ताण धरून ठेवायच्या स्ट्रेचिंगमध्ये एकेक स्नायू मिनिटाहून जास्त धरला, तर लगेचच्या ताकदीत सरासरी चार-पाच टक्के घट दिसते. त्याहून कमी धरला तर ती जेमतेम एक टक्का, आणि पुढे नीट वॉर्म-अप केला तर चिंतेचं कारणच नाही. रोलरने घट होत नाही, पण वाढही फारशी होत नाही. २०१९ मध्ये २१ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. आधी रोलर फिरवल्याने धावण्याचा वेग ०.७ टक्के आणि लवचिकता ४ टक्के सुधारली. वेळ कमी असेल तर मी रोलर सोडेन, वॉर्म-अप नाही.

प्रश्न : पायांच्या व्यायामानंतर दोन दिवस जिना उतरवत नाही. रोलरने लॅक्टिक आम्ल निघून जातं का?

लॅक्टेट, म्हणजे ज्याला तुम्ही लॅक्टिक आम्ल म्हणता ते, तासाभरात आपोआप पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं सवयीबाहेरच्या श्रमाने स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं असतं. रोलरने ते थोडं सुसह्य होतं. २०१५ मधल्या एका प्रयोगात आठ पुरुषांनी दहा-दहा स्क्वॉटचे दहा सेट मारले. लगेच आणि पुढच्या दोन दिवशी प्रत्येकी २० मिनिटं रोलर फिरवल्यावर दुखणं कमी जाणवलं. माणसं फक्त आठ, आणि वेळ रोज २० मिनिटं! शिवाय रोलरवर लोळणाऱ्याला आपण लोळतो आहोत हे कळतंच, त्यामुळे मनाच्या अपेक्षेचा वाटा वेगळा काढता येत नाही. बरं वाटत असेल तर जरूर करा.

प्रश्न : किती वेळ आणि किती जोरात?

एका स्नायूला दीड मिनिटाच्या आसपास. पोटरीचं उदाहरण घ्या. जमिनीवर बसून पोटरी रोलरवर ठेवा, हात मागे टेकवा आणि बूड किंचित उचला. घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सावकाश सरका. गुडघ्यामागच्या खळग्यात जाऊ नका, तिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात. दुखऱ्या जागी थांबून पाऊल वर-खाली हलवा. जोर जास्त हवा असेल तर दुसरा पाय वर ठेवा. श्वास रोखला जातोय किंवा दात आवळले जाताहेत असं दिसलं, की जोर कमी करा. काळे-निळे डाग म्हणजे अतिरेक.

प्रश्न : आई ७० वर्षांची आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. तिला रोलर देऊ का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाडं ठिसूळ असतील तरीही तेच. ताजं फ्रॅक्चर किंवा उघडी जखम असेल तिथे रोलर नाहीच. आणि हे सर्वांसाठी : एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते आणि दुखते आहे, तर तो आखडलेला स्नायू समजून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.