गजकर्णाची ट्यूब बंद केली की ते दुपटीने परत येतं. माझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपूर्वी जांघेत गोल लाल चट्टा उठला. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, दोन दिवसांत खाज थांबली. ट्यूब बंद केली की आठवड्याभरात चट्टा परत, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा. आता कमरेवर आणि पोटावरही आलाय. शरीर बुरशीशी लढतं तरी कसं, माझ्यात ती ताकद उरली नाही का, आणि ती वाढवायला काय खाऊ?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हाच प्रश्न घेऊन रोज माणसं येतात. बरेच जण लाजेपोटी वर्षभर कुणाला दाखवत नाहीत, घरातही बोलत नाहीत. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

तुमची प्रतिकारशक्ती बहुधा चांगली आहे. त्या ट्यूबने तिला तेवढ्या जागेपुरतं झोपवलंय. हे कसं घडतं ते समजायला आधी बुरशी राहते कुठे ते पाहू.

गजकर्ण म्हणा की नायटा, तो होतो मुख्यतः ट्रायकोफायटन वर्गातल्या बुरशींमुळे. यांचं खाणं म्हणजे केराटिन. आपली नखं, केस आणि कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर ज्या प्रथिनाचा बनलेला असतो, ते. त्या थरात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणजे ही बुरशी घरात शिरत नाही, ओसरीवरच पथारी पसरते. आत शिरणं तिला परवडतही नाही. आत ३७ अंशांची ऊब आहे, जी बहुतेक बुरशींना सोसत नाही, आणि तिला लागणारं लोह रक्तातल्या प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेलं असतं. (लोहाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

ओसरीवर कुणीतरी बसलंय याची चाहूल खालच्या जिवंत पेशींना लागते ती बुरशीच्या भिंतीवरून. आपल्या पेशींना भिंत नसते, नुसतं पातळ आवरण असतं. बुरशीच्या पेशीभोवती मात्र कायटिन आणि बीटा-ग्लुकान यांची चांगली जाड भिंत असते. खेकड्याचं, झिंग्याचं कवच ज्या कायटिनचं, तेच हे. आपलं शरीर असलं काही बनवत नाही, त्यामुळे ते दिसलं की परकं कुणीतरी आलंय एवढं नक्की. बीटा-ग्लुकान ओळखणारा 'डेक्टिन-१' हा ग्राहक, म्हणजे ठरावीक खूण पकडणारं प्रथिन, आपल्या पांढऱ्या पेशींवर असतो. ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी तो २००१ मध्ये दाखवून दिला.

ओळखणं किती मोलाचं आहे, याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा एका माशीचा आहे. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात त्या चिलटासारख्या फळमाशीचा. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी 'टोल' नावाचा जनुक बिघडलेल्या माश्यांना ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग दिला. निरोगी माश्या तगल्या. टोल बिघडलेल्या माश्या काही दिवसांत मेल्या आणि त्यांच्या अंगावर बुरशीचे तंतू लोकरीसारखे उगवून आले. हे काम १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. माशीजवळची बुरशी मारणारी द्रव्यं कुठे गेली नव्हती, ती बनवा हा निरोपच पोचला नव्हता. पुढे माणसांतही टोलसारखे ग्राहक सापडले आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात हॉफमन यांचा वाटा होता.

तुमच्या जांघेतही निरोपच महत्त्वाचा आहे. बुरशी ओळखली गेली की कातडीतल्या पेशी इंटरल्यूकिन नावाची निरोप्या द्रव्यं सोडतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-१७ हे बुरशीच्या बाबतीत फार मोठ्या कामाचं. ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं आणि कातडीला बुरशीनाशक प्रथिनं बनवायला लावतं. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून जागा लाल आणि गरम होते. वरचा थर एरवी महिन्याभरात बदलतो, तो आता भराभर सुटायला लागतो. तुम्हाला जो कोंडा सुटताना दिसतो, तो म्हणजे शरीराने बुरशीसकट फेकून दिलेली कातडी. ही लाली, ही सूज, ही खाज म्हणजेच दाह. तो त्रासदायक आहे, पण बुरशी घालवायचं काम त्यातूनच चाललेलं असतं.

गजकर्ण गोल का असतं, तेही यातच आलं. बुरशी एका ठिपक्यातून चारी बाजूंनी बाहेर सरकते. मागे राहिलेल्या मधल्या भागात दाहाने तिला बरंचसं झटकून टाकलेलं असतं, म्हणून मध्ये कातडी स्वच्छ दिसते आणि कडेला लाल, उंचावलेलं, खवल्यांचं रिंगण. झुंज त्या कडेवर चालू असते. मी विद्यार्थ्यांना ते रिंगण बोट फिरवून बघायला लावतो, कारण एकदा ते बोटाला कळलं की निदान सहसा चुकत नाही.

जास्त दाह म्हणजे जास्त वाईट आजार, असं रुग्णांना वाटतं. बुरशीत नेमकं उलट दिसतं. गुराढोरांकडून आलेली बुरशी माणसाच्या कातडीला अनोळखी असते, म्हणून शरीर तिच्यावर तुटून पडतं. वासराशी खेळणारा सहा-सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. डोक्यावर लिंबाएवढी मऊ, पुवाने भरलेली गाठ. आधी कुठेतरी गळू समजून तिला चीर दिली होती आणि त्या लेकराला विनाकारण भोगावं लागलं. ते 'केरिऑन' होतं, बुरशीवर उठलेला शरीराचा जबरदस्त दाह. पोटातून बुरशीनाशक औषध दिल्यावर गाठ बसली, केस मात्र सगळे परत आले नाहीत. याउलट ट्रायकोफायटन रुब्रम माणसाच्या सहवासाला सरावलेली आहे. तिच्या भिंतीतली मॅनन नावाची शर्करा पांढऱ्या पेशींना मंद करते. दाह थोडा, म्हणून खाज थोडी, म्हणून मुक्काम लांब. आजोबांच्या अंगठ्याचं जाड पिवळं नख वीस-वीस वर्षं तसंच राहतं ते बऱ्याचदा यामुळे, आणि घरातल्या इतरांना पुन्हा पुन्हा गजकर्ण होण्याचं उगमस्थानही तेच असू शकतं.

आता तुमची ट्यूब. नाव लिहिलं नाहीत ते ठीक, पण तिच्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी काही आहे का बघा. दोन दिवसांत खाज थांबली म्हणजे बहुधा असणारच. ही स्टिरॉइड्स आहेत. सोबत त्याच ट्यूबमध्ये एखादं बुरशीनाशक आणि एखादं जंतुनाशकही घातलेलं असतं, त्यामुळे मेडिकलवाल्याला ती सर्वगुणसंपन्न वाटते.

स्टिरॉइड पेशीत शिरून थेट केंद्रकात जातं आणि वर सांगितलेली निरोप्या द्रव्यं बनणंच बंद करतं. न्यूट्रोफिल येत नाहीत, लाली ओसरते, खाज थांबते. पिकाची जागल करणाऱ्या राखणदाराच्या ओरडण्याने झोपमोड होते म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबला, तर रात्र शांत जाते आणि डुकरं शेत खाऊन जातात. तसंच हे. बुरशी तिथेच आहे, वाढते आहे, फक्त तुम्हाला कळत नाही. ट्यूब थांबली की शरीर जागं होतं आणि आता पसरलेल्या सगळ्या बुरशीवर एकदम दाह उठतो. तुम्हाला दुप्पट वाटतं ते हे.

यात ते रिंगणही विरघळून जातं आणि चट्टा ओळखू येईनासा होतो. १९६८ मध्येच याला 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण, असं नाव दिलं गेलं. पन्नास वर्षांहून जुनी ही माहिती असूनही आपल्याकडे ट्यूब सर्रास विकल्या जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, पण गावात तो पाळला जाताना मला फारसा दिसत नाही. जांघेतली कातडी मुळातच पातळ असते. तिथे महिनोन्‌महिने क्लोबेटासोल लावून पडलेले ताणाचे लांबट वण आयुष्यभर जात नाहीत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुला-मुलींच्या मांड्यांवर ते बघावे लागतात.

आणखी एक भर म्हणजे ट्रायकोफायटन इंडोटिनी. भारतीय उपखंडात पसरलेल्या या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करतं, त्यातच हिच्या बऱ्याच वाणांत बदल झालेला आहे, त्यामुळे नेहमीची गोळी पुरी पडत नाही. औषध अर्धवट चालतंय आणि शरीराला स्टिरॉइडने गप्प केलंय, असं झालं की तिला रान मोकळं.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असते तेव्हा चित्र वेगळं दिसतं. एचआयव्हीमध्ये मदतनीस पांढऱ्या पेशी घटल्या की तोंडात, घशात कँडिडा या बुरशीचा पांढरा थर धरतो. सोरायसिससाठी इंटरल्यूकिन-१७ अडवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांतही कँडिडाचा त्रास वाढतो. फार क्वचित काही कुटुंबांत कार्ड-९ हा जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलाच आलेला असतो. डेक्टिनचा निरोप पुढे नेणारा दुवाच तुटलेला, त्यामुळे साधी गजकर्णाची बुरशी ओसरी ओलांडून आत, लसिका ग्रंथींपर्यंत जाते. आणि २०२१ चा म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर वर्गातल्या बुरशीचा आजार, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत, आपण कुणीच विसरलेलो नाही. देशात चाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे होते. अनेकांची साखर बेफाम वाढलेली, वर कोविडसाठी दिलेली स्टिरॉइड्स, कधी गरजेपेक्षा जास्त दिवस. साखर वाढली की न्यूट्रोफिल सुस्तावतात, आणि रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं ते लोह सुटतं. म्युकरला तेच हवं असतं. म्हणून तुम्ही तरुण असलात तरी एकदा रक्तातली साखर तपासून घ्या.

काय खाऊ या प्रश्नावर मी तुम्हाला निराश करणार आहे. गजकर्ण घालवणारा कुठलाही काढा किंवा चूर्ण मला माहीत नाही, आणि प्रतिकारशक्ती नुसती 'वाढवणं' हे चांगलंच असतं असंही नाही. दम्याच्या काही रुग्णांत हवेतून आलेल्या ॲस्परजिलसवर शरीर इतकं चवताळतं की श्वासनलिका त्या दाहानेच खराब होतात. तिथे आम्ही डॉक्टर स्वतःहून स्टिरॉइड देतो आणि ते बरोबरच असतं. स्टिरॉइडशी माझं वैर नाही. बुरशी जिवंत असताना, निदान न करता, कातडीवर ते फासण्याशी आहे.

तुम्ही आता त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. उपचार काही आठवडे चालतील, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडू नका. स्टिरॉइड बंद झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस लाली आणि खाज उसळेल. त्या दिवसांत बहुतेक जण घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतात. ती लाली म्हणजे तुमचं शरीर कामावर परत आल्याची खूण आहे, तेवढे दिवस निभवा. खाजेसाठी वेगळ्या गोळ्या मिळतात, मागून घ्या. टॉवेल वेगळा ठेवा, अंतर्वस्त्रं उन्हात कडक वाळवा आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर सोबत घेऊन जा.

जाताना रिकामी ट्यूब बरोबर न्या आणि त्या दिवशी काहीही लावू नका. डॉक्टर चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून काचपट्टीवर घेतील आणि तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतील. तुमच्या पेशी त्यात विरघळून जातात. कायटिनच्या भिंतीमुळे बुरशीचे तंतू मात्र तसेच टिकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. डॉक्टरांना विनंती केलीत तर ते तुम्हालाही दाखवतील, मी तर प्रत्येकाला दाखवतो.