गणिताचं इंग्रजी वेगळं, विज्ञानाचं वेगळं

ताई, मराठी माध्यमात सहावी झालेली मुलगी परदेशातल्या इंग्रजी शाळेत मागे पडेल का, आणि त्यासाठी आतापासूनच घरात इंग्रजी बोलावं का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका बोलू.

आम्ही तो उद्योग करून बसलोय. शाळेत कुणीतरी सुचवलं म्हणून वर्षभर मुलाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोललो. त्याचं इंग्रजी त्यामुळे सुधारलं नाही, घरातल्या गप्पा मात्र आटल्या. 'का' आणि 'कसं' विचारण्याइतकं इंग्रजी आमच्याकडेच कुठे होतं?

बोलण्याची काळजी करू नका. पहिले काही महिने ती वर्गात गप्प बसेल, मग मैत्रिणी होतील आणि एक दिवस तुमचेच उच्चार सुधारायला लागेल. फसगत होते ती इथेच. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक १९७९ मध्येच मांडला होता. पहिली साधारण २ वर्षांत येते. दुसरीत वर्गाच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. फडाफडा बोलणारं मूल धडा वाचताना अडखळलं की शिक्षकांना ते आळशी वाटतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

गणित तरी तरेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण 'सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट' यात तीन आधी येतो. आपण म्हणतो 'आठातून तीन वजा कर'. आमचा पठ्ठ्या ऐकलेल्या क्रमाने ३ – ८ मांडायचा. वजाबाकी त्याला उत्तम येत होती, अडत होतं ते 'फ्रॉम'पाशी. 'ऑड', 'मीन', 'व्हॉल्यूम' हे रोजचे शब्दही गणितात वेगळेच अर्थ घेऊन येतात. लाख-कोटींच्या सवयीमुळे मोठ्या संख्यांमधला स्वल्पविरामही चुकतो, पण ते आठवड्याभरात जमतं.

विज्ञानात उलटा अनुभव आला. लांबलचक संज्ञांना भिऊ नका. 'प्रकाशसंश्लेषण' माहीत असेल तर 'फोटोसिंथेसिस' तुकडे पाडून पाच मिनिटांत समजतं, कल्पना तर डोक्यात आधीच असते. अडतं ते 'अनलेस', 'ऑल्दो', 'व्हेअरअ‍ॅज' असल्या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवर. हे कोणी मुद्दाम शिकवत नाही, आणि वाक्याचा सगळा अर्थ त्यांच्यावरच फिरतो. इतिहासात प्रश्नाचं क्रियापद बघायला शिकवा: 'डिस्क्राइब' म्हणजे काय घडलं, कसं होतं ते सांग, 'एक्स्प्लेन' म्हणजे का, ते सांग. आमच्याकडे कारण विचारलं की अख्खी हकीकत यायची आणि गुण जायचे.

शाळेत प्रवेश घेतानाच दोन गोष्टी विचारा. भाषेच्या मदतीसाठी मुलीला वर्गाबाहेर नेणार असाल तर त्या वेळी तिचा कुठला विषय बुडणार? आमच्याकडे विज्ञान बुडत होतं, ते तीन महिन्यांनी कळलं. आणि पुढचे धडे कोणते, हे आधी कळवाल का? बहुतेक शिक्षक आनंदाने कळवतात, फक्त मागावं लागतं.

धडा आधी कळला की तो विषय घरी मराठीत बोलायचा. बाष्पीभवन का होतं, ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात, हे तिला मराठीत नीट सांगता आलं तर वर्गात तिला फक्त नवे शब्द शोधायचे असतात. निबंधाचे मुद्देही आधी मराठीत काढू दे. भाषांतराचं अ‍ॅप एखाद्या शब्दापुरतं ठीक. अख्खं उत्तर त्यातून काढायला लागली तर मात्र फोन काढून घ्या.

सामानाच्या वजनात बसत असेल तर तिची सहावीची आणि सातवीची विज्ञान, गणित, भूगोलाची मराठी पुस्तकं घ्या. आम्ही ती रद्दीत दिली, आणि नंतर एकेका धड्याचे फोटो बहिणीकडून मागवत बसलो.