एक्स-रे पाहून चालणं सोडू नका, ताई

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ५२, बँकेत काउंटरचं काम, उजवा गुडघा वर्षभर दुखतोय. गेल्या आठवड्यात एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, ग्रेड ३. मांडी घालू नका, जिने टाळा. तेव्हापासून तुम्ही अंबाझरी तलावाकाठचं सकाळचं फिरणं बंद केलं. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. तुमचे प्रश्न दोन: आता चालू की नको, आणि शेवटी गुडघ्याच्या वाट्या बदलाव्याच लागणार का?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. चाला. आधी तासभर चालत असाल तर आता पंधरा-वीस मिनिटं, पण चाला.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझं नेमकं उलट झालं होतं. मी शाळेत शिकवायची. ५३ व्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं हेच निदान झालं, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा शेजारच्या काकूंनी मला गेटपाशी अडवलं होतं, "तू कायले चालून राहिली वं बाई, वाटी घासून जाईन ना!" त्या मायेनंच बोलल्या आणि मला ते पटलंही. पाच महिने मी घर ते शाळा गाडीवर, घरात पलंगावर. फिजिओथेरपीला गेले तेव्हा त्या मुलीनं टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. जास्त दुखणाऱ्या उजव्या पायाची मांडी दोन सेंटीमीटरनं बारीक झाली होती. ती म्हणाली, "काकू, गुडघ्याला ज्यानं सांभाळायचं तेच तुम्ही आटवून टाकलं." माझं दुखणं त्या पाच महिन्यांत वाढलं होतं आणि ते मी झिजेच्या माथी मारत होते.

आपल्याकडे "वंगण संपलं" म्हणतात, "गॅप कमी झाली" म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गुडघा म्हणजे बेअरिंग, जितका वापरू तितका झिजणार. पण तो जिवंत सांधा आहे. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की फुगते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातूनच सांध्यातल्या पाण्यातलं पोषण तिच्यात शिरतं. पाणीही बहुतेकांचं संपलेलं नसतं, सुजलेल्या गुडघ्यात तर ते जास्तच असतं. आणि पाऊल पडताना बसणारा हिसका मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. तो अशक्त झाला की सगळा भार सांध्यावर. म्हणून दुखतं म्हणून बसायचं आणि बसलं म्हणून आणखी दुखायचं, असं चक्र सुरू होतं. मी त्यात पाच महिने होते, तुम्ही आठवडाभरच आहात.

आता त्या ग्रेडबद्दल. एक्स-रेची ही ० ते ४ ची मोजणी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडली. ती चित्र कसं दिसतं तेवढंच सांगते. तुम्हाला किती दुखेल, किती चालता येईल, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. माझा डावा गुडघा फोटोत जास्त खराब आहे, पण दुखतो जास्त उजवा. ग्रेड ४ असूनही रोज भाजीबाजार करणाऱ्या बायका आहेत आणि ग्रेड २ वर रात्र रात्र न झोपणाऱ्याही. तुम्ही तो एक्स-रे रोज खिडकीशी धरून बघता असं लिहिलंय. पाकिटात घालून कपाटात ठेवा.

एक गोष्ट मात्र तपासून बघा. सकाळी उठल्यावरचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो का? सुटत असेल तर ते झिजेच्या दुखण्याला धरून आहे. तास-तासभर राहत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करून घ्या, त्याचं औषध अगदी वेगळं असतं. गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, अचानक अडकून सरळच होईना, किंवा पोटरी सुजून दुखली, तर त्याच दिवशी दाखवा.

व्यायामाचं सविस्तर लिहिते, कारण खरा उपचार हाच आहे. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर ठेवून उभं राहा, मग मनात तीनपर्यंत मोजत हळू बसा. हातांशिवाय उठवत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंची वाढली की जमतं. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा व्यायाम पलंगावर: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्यानं ती दाबायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. तिसरा, एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवत वीतभर उचलायचा आणि धरायचा. त्यानंतर कुशीवर होऊन वरचा पाय बाजूला उचलायचा, कारण कमरेचा स्नायू ढिला असला की गुडघा आत कलतो. दोन-तीन आठवड्यांनी पाचाचे आठ करा, आठाचे बारा. पुढे उंबऱ्याएवढ्या पायरीवर चढ-उतार. आठवड्यातून तीन दिवस हे नेटानं केलं तर पुरे, चालणं मात्र रोज.

दुखेल का? दुखेल, आणि इथेच बहुतेक जणी सोडतात. मला शिकवलेलं माप असं: व्यायाम करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवशीसारखाच हवा. जास्त दुखला किंवा सुजला तर व्यायाम निम्मा करायचा. बंद करायचा नाही. दुखलं म्हणजे आत काही फाटलं, असं नसतं, हे मला पटायलाच महिना लागला.

पहिले सहा आठवडे तुम्हाला वाटेल की काहीच होत नाहीये. धीर धरा. माझ्या दहाव्या आठवड्यात मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं, दोन्ही हातांत कपडे होते. कठडा धरलाच नव्हता. मी तिथंच पायरीवर बसून राहिले थोडा वेळ.

जिने पूर्ण टाळण्याच्या मी विरुद्ध आहे. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. उतरणं चढण्यापेक्षा जड जातं, म्हणून रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या चढून गेलात तरी उतरायला वेळ राखा. फार दुखत असेल त्या दिवसांत काठी घ्या, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा, म्हणजे तुमच्यासाठी डाव्या. खूप जण उलट धरतात.

वजनाचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. मी दीड वर्षात ७४ वरून ६७ वर आले, म्हणजे पावलागणिक अठ्ठावीस किलो. उपास करून नाही. रात्रीचा भात अर्धा, वरण घट्ट आणि दुप्पट, तर्री-पोहे फक्त रविवारी. स्नायू घडवायचे तर डाळ, दूध, अंडी लागतातच, त्यामुळे खाणं तोडू नका, ताटातलं बदला. आणि आपल्या नागपूरकरांची कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही गाडी काढायची सवय, ती सोडून बघा.

औषधांत आधी डायक्लोफेनॅकचं जेल, दिवसातून तीन-चार वेळा, डॉक्टरांना विचारून. गुडघा त्वचेच्या जवळ असल्यानं तिथं ते चांगलं पोचतं. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आपल्या मनानं आणू नका. बीपी, ॲसिडिटी, किडनी यांपैकी काही असेल तर त्या त्रास देतात, आणि आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेलेला, अंगातलं पाणी कमी झालेलं, अशा वेळी किडनीला धोका जास्त. सांध्यांसाठी म्हणून देतात त्या ग्लुकोसामीनच्या गोळ्या मी दोन वर्षं खाल्ल्या. आता सांधेतज्ज्ञांच्या बऱ्याच मार्गदर्शक सूचनांत त्या घेऊ नका असंच लिहिलेलं असतं. एका क्लिनिकमध्ये मला "वंगणाच्या" तीन इंजेक्शनांचं पॅकेज दिलं, आधी पैसे भरून. एफडी मोडली होती त्यासाठी. गुण आला नाही, आणि व्यायामाबद्दल तिथं कुणी एक शब्द बोललं नाही, याचा राग मला अजून आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे आराम पडतो, खूप सूज असेल तर डॉक्टर देतात, ते वेगळं. कुणी "दुर्बिणीनं आतून साफ करू" म्हणालं तर हे सांगा: २००२ साली अमेरिकेत १८० जणांवर अभ्यास झाला होता. काहींची खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, काहींना नुसते वरून छेद दिले. दोन्हींच्या दुखण्यात पुढे फरक निघाला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. वाट्या बदलाव्याच लागतात असं नाही. पुष्कळांना कधीच लागत नाहीत. मला अकरा वर्षांत लागल्या नाहीत. पण तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणं कठीण असेल, तर शस्त्रक्रिया ही हार समजू नका. बदललेले गुडघे आता खूप टिकतात, शंभरातले सुमारे ब्याऐंशी पंचवीस वर्षांनंतरही चालू असतात. दहा-वीस टक्के लोकांचं समाधान होत नाही, हेही माहीत असू द्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या इम्प्लांटला ५४,७२० रुपये धरले होते. खोलीचं, भुलीचं, डॉक्टरांचं बिल वेगळं असतं, म्हणून दवाखान्यात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. दुसरं मत हवं असेल तर आपलं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, आणि मिहान भागातलं एम्स, दोन्हीकडे अस्थिरोग विभाग आहे. रांग असते, डबा घेऊन जा.

मांडी घालून बसता न येण्याचं दुःख मला कळतं. इतरांना ते क्षुल्लक वाटतं. आपल्याकडे महालक्ष्म्यांना पाट मांडून पंगत बसते, सोळा भाज्यांचं चिरणंही बायका खाली बसूनच करतात, गप्पांसकट. पहिल्या वर्षी मला मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा मी घास गिळू शकले नाही, म्हातारी म्हणून बाजूला काढल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी मी दिवाणखान्यात टेबल लावलं आणि भाज्या तिथं आणायला लावल्या. दोन जावा आपण होऊन येऊन बसल्या, त्यांचेही गुडघे दुखत होते, बोलल्या नव्हत्या इतकंच. पाच-दहा मिनिटं खाली बसलं तर काही बिघडत नाही, बसून राहणं आणि उकिडवं बसणं टाळायचं. बँकेतही तासातासानं उठून चार पावलं चाला. संडासात कमोड नसेल तर लग्नाच्या खर्चाआधी तो बसवून घ्या.

आता लग्न. ऑक्टोबर सुरू आहे, तुमच्या हातात सोळा आठवडे आहेत आणि तेवढे पुरतात. गुरुजींना आधीच सांगून कन्यादानाला पाटाऐवजी बसक्या खुर्च्या ठेवायला लावा, दोघांनाही, म्हणजे तुम्ही एकट्याच उंच दिसणार नाही. चपला सपाट, मऊ तळव्याच्या, आणि त्या आत्ताच घेऊन वापरायला काढा. पाहुण्यांना भेटताना दर तासाला दहा मिनिटं बसा आणि बसल्या बसल्या गुडघा दहा वेळा सरळ करा. आपली लग्नं लॉनवर असतात, गवतात पाय वाकडातिकडा पडतो, म्हणून डिसेंबरपासून बागेत रोज पाच मिनिटं गवतावर चालून बघत जा. आणि दोन आठवड्यांनी खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता आलं, तो आकडा मला कळवा.