एल्व्हिसच्या रेकॉर्डी अडगळीत टाकू का?

प्रश्न : परवा घरी सगळ्यांनी एल्व्हिस प्रेस्लीवरचा २०२२चा चित्रपट पाहिला. त्यात एक कृष्णवर्णीय गायिका ‘हाउंड डॉग’ गाते आणि एल्व्हिस भारावून ऐकतो. कॉलेजात जाणारी माझी मुलगी म्हणाली, ‘आई, गाणं तिचं आणि पैसा ह्याचा. ही चोरीच आहे. ह्याच्या रेकॉर्डी आता लावू नकोस.’ मी शाळेत असल्यापासून हा माणूस ऐकतेय. खरंच चोरी म्हणायची का? मग गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांचा ब्लूज गायचाच नाही?
– एक वाचक

उत्तर : ताई, लेकीला रागवू नका. तिचा राग खरा आहे, फक्त तिनं त्यासाठी निवडलेलं गाणं भलतंच गुंतागुंतीचं आहे.

ती गायिका म्हणजे विली मे ‘बिग मामा’ थॉर्नटन. ऑगस्ट १९५२मध्ये लॉस एंजेलिसला तिनं ‘हाउंड डॉग’ गायलं आणि १९५३मध्ये ते ‘बिलबोर्ड’ ह्या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत ७ आठवडे पहिलं होतं. (१९४९पर्यंत ह्या यादीचं नाव चक्क ‘रेस रेकॉर्ड्स’ होतं. कृष्णवर्णीयांचं संगीत विकायचं दुकानच वेगळं!) पण गाणं लिहिलं कोणी? जेरी लायबर आणि माइक स्टोलर ह्या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी. विशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. त्या दिवशी ड्रम वाजवत होता जॉनी ओटिस. तो ग्रीक आईबापांचा मुलगा, पण सगळं आयुष्य कृष्णवर्णीयांमध्ये काढलेला आणि स्वतःला त्यांच्यातलाच मानणारा. आता वंश पाहून मालकी ठरवायची तर कशी ठरवणार?

माझ्या मते त्या गाण्याचा जीव थॉर्नटनच्या गुरगुरण्यात आहे. आयत्या बिळावर बसलेल्या पुरुषाला एक बाई हाकलून देतेय, हे तिच्या गळ्यातून कळतं. कायद्याला मात्र गळा दिसत नाही. हक्क शब्द आणि चाल लिहिणाऱ्याचा. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं कोणीही ठरावीक रक्कम भरून पुन्हा रेकॉर्ड करू शकत असे. ती रक्कम गीतकार-संगीतकाराकडे जाणार, आधी गायलेल्याला विचारायचीही गरज नाही. ध्वनिमुद्रणाला तर तिथे केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं थेट १९७२मध्ये. थॉर्नटन सांगायची, ह्या गाण्याचा तिला ५०० डॉलरचा एकच चेक मिळाला.

चित्रपटातला तो प्रसंगही फार सोयीचा आहे. एल्व्हिसनं स्टेजवरचं ‘हाउंड डॉग’ उचललं ते १९५६मध्ये लास व्हेगासला ऐकलेल्या फ्रेडी बेलच्या गोऱ्या बँडकडून. ‘तू कधी ससासुद्धा पकडला नाहीस’ ही ओळ बेलचीच. तिच्यामुळे बाईचा संताप गेला आणि गाणं खरोखरच कुत्र्याचं झालं. लायबरला ती ओळ कधी रुचली नाही, मलाही नाही.

लेकीला चांगला दाखला हवा असेल, तर आर्थर क्रुडप ह्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचा द्या. ‘दॅट्स ऑल राइट’ त्यानं स्वतः रचलं, १९४६मध्ये गायलं. एल्व्हिसनं १९५४मध्ये ते गायलं तेव्हा रेकॉर्डवर गीतकार म्हणून क्रुडपचंच नाव छापलं होतं. तरीही रॉयल्टी त्याच्यापर्यंत पोचली नाही. हक्क मॅनेजरच्या हातात होते. १९७४मध्ये तो गेला, तोवर हक्काच्या पैशासाठी झगडतच होता.

ह्याहून वाईट दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा ह्या कृष्णवर्णीय गायकाचं झालं. जोहान्सबर्गला त्यानं १९३९मध्ये ‘म्बुबे’ गायलं आणि हक्क १० शिलिंगांना विकले. त्याच सुरांवरचं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे सिंहाचं गाणं पुढे १९९४च्या ‘द लायन किंग’मध्ये वाजलं. लिंडा १९६२मध्ये गरिबीतच गेला होता. त्याच्या मुलींना न्याय मिळाला तो ब्रिटिश साम्राज्याच्या १९११च्या कायद्यातल्या एका कलमाच्या जोरावर. रचनाकाराच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परततात, असं ते कलम. २००४मध्ये दावा लागला, २००६मध्ये तडजोड झाली. साम्राज्याचा कायदा असा कामी यावा, ह्याची मला अजून गंमत वाटते.

पॅट बून ह्या गोऱ्या गायक गृहस्थांची मात्र बाजू घेणार नाही. कृष्णवर्णीय लिटल रिचर्डची ‘टुटी फ्रुटी’ गाजत असतानाच १९५६मध्ये त्यांनी ती कडक इस्त्री करून गायली आणि पॉपच्या यादीत मूळ गाण्याच्या वर नेऊन बसवली. बऱ्याच गोऱ्या घरांना कृष्णवर्णीय आवाज नको होता, नुसतं गाणं हवं होतं. एल्व्हिस निदान स्वतःचं काहीतरी ओतायचा.

गोऱ्यांनी गायचं की नाही? खुशाल गावं. जॅनिस जॉपलिन ह्या गोऱ्या गायिकेनं थॉर्नटनचं ‘बॉल अँड चेन’ तिला विचारून घेतलं, १९६७मध्ये माँटेरेच्या संगीत महोत्सवात गाऊन गाजवलं आणि गाणं कोणाचं हे ती सांगत राहिली. तिथेही हक्क रेकॉर्ड कंपनीनं आपल्याकडे ठेवलेले होते, त्यामुळे थॉर्नटनचे हात रिकामेच. म्हणून लेकीला म्हणावं, गाणाऱ्याचा रंग बघच, पण करारावर सही कोणाची आणि चेक कोणाच्या नावाचा, हेही विचार.

रेकॉर्डी राहू द्या. फक्त एल्व्हिसच्या आधी थॉर्नटनची लावा आणि पीट लुईसची गिटार नीट ऐका. शेवटी वादक मंडळी कुत्र्यांसारखी भुंकतात, तोवर उठू नका.